अंगठ्याला लागलेला तांबेरा

माझी नोकरी नेमकी काय होती, हे तीस-बत्तीस वर्षांत मला कुणाला धड सांगता आलं नाही. लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांना एवढंच सांगितलं होतं, की अकोल्याला गव्हाच्या संशोधन केंद्रावर असतो. ते खूश झाले. पुढे एकदा सासऱ्यांनी खोदून विचारलं, तेव्हा मी सांगितलं की आम्ही मुद्दाम गव्हावर रोग पाडतो आणि मग तो मोजत बसतो. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि मुलीकडे पाहिलं. मुलगी दिली तर दिली, पण कुणाला, असा तो चेहरा होता.

रोग म्हणजे तांबेरा. ही एक बुरशी. गव्हाच्या पानावर आधी बारीक फिकट ठिपके दिसतात, मग ते फुगतात, फुटतात आणि त्यातून विटकरी भुकटी बाहेर पडते. ती जिवंत पानावरच जगते. पान मारत नाही, त्याचं खाते फक्त. दाण्यात जायचं ते हिच्या पोटात जातं आणि दाणा पोचट राहतो. नवं वाण शेतकऱ्याच्या हाती देण्याआधी ते तांबेऱ्याला किती तोंड देतं हे पाहावं लागतं, म्हणून आम्ही हमखास रोगाला बळी पडणाऱ्या गव्हाच्या ओळी मध्येमध्ये लावायचो, भुकटी पाण्यात कालवून त्यांच्यावर फवारायचो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत रोज सकाळी कंबर वाकवून एकेका पानावर किती तांबेरा आहे ते नजरेनं ठरवायचो. पाच टक्के, दहा, चाळीस, ऐंशी. पेन्सिल, वही आणि कंबरदुखी. बाकी काही लागत नाही.

पण तांबेरा ओळखायची खरी परीक्षा मला नोकरीत कुणी शिकवली नाही. ती बाबांनी शिकवली. आमचं गाव मोर्शीजवळ, सगळा संत्र्याचा मुलूख. विहिरीपाशी तेवढा अर्ध्या एकराचा तुकडा बाबांनी गव्हासाठी राखलेला. लहानपणी त्यांनी मला तिथे उभं केलं, पान तोडून हातात दिलं आणि म्हणाले, ‘‘घास अंगठ्यानं. रंग लागला त गेरवा. नाई लागला त दुसरं काई.’’ आमच्याकडची जुनी माणसं तांबेऱ्याला गेरवा म्हणतात. पान पिवळं पडायला कारणं पुष्कळ असतात, खत कमी पडलं, पाणी जास्त झालं, थंडी बाधली. पण अंगठा विटकरी झाला की दुसरं कारण शोधायचं नाही. पुढे मोठमोठ्या शिकलेल्या मुलांना मी हीच परीक्षा शिकवली आणि ती माझी म्हणून खपवली, हेही सांगून टाकतो.

त्या तुकड्यात बाबा बन्सी गहू पेरत. उंच वाढणारा, लांब कुसळांचा, जुना गहू. उत्पन्न बेताचं, आणि तांबेऱ्याला तर आवतणच. आजूबाजूच्या सगळ्यांनी तो कधीच सोडला. बाबांनी सोडला नाही, कारण त्यांच्या मते शेवया फक्त त्याच्याच होतात आणि बाकीच्या गव्हाच्या जे होतं त्याला सुतळी म्हणतात. बी त्यांच्या वडिलांकडून आलेलं. दरवर्षी पेरायचं, काढायचं, त्यातलं पुन्हा राखायचं. त्यांनी मला कितीदा म्हटलं, ‘‘थोडं बी अकोल्याले ने, तुया तिकडं ठेव.’’ आमच्याकडे बी जपून ठेवायची सोय होती. मी दरवेळी म्हणायचो, पुढच्या खेपेला नेतो. पिशवीत जागा नसायची, किंवा बसला उशीर व्हायचा, किंवा मला त्याचा कंटाळा असायचा. खरं कारण तिसरं.

ज्या वर्षाचं सांगतोय ते माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष. त्याआधीच्या पावसाळ्यात घराच्या कोठीत पाणी शिरलं आणि राखून ठेवलेलं बी कुजलं. वहिनीनं वरवरचं कोरडं तेवढं वाचवलं आणि नोव्हेंबरात बाबांनी ते सगळं पेरून टाकलं. मागे मूठभरही उरलं नाही. म्हणजे त्या विहिरीजवळच्या तुकड्यात जे उभं होतं, तेवढाच बन्सी. तो गेला की संपला. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. भाऊ संत्र्याच्या तोडणीत गुंतलेला असायचा आणि म्हाताऱ्याचं खूळ म्हणून सोडून द्यायचा. बाबांचं मात्र त्या हंगामात दुसरीकडे लक्ष नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता लांबवू नका. बाबांचं उत्तर ठरलेलं, ‘‘गहू घरात येऊ दे. मंग डोयाचं पाहू.’’

तर जानेवारीतला तो शनिवार. केंद्रावर रोग पाडलेल्या ओळी चांगल्या पेटल्या होत्या. सकाळी सात ते अकरा मी त्यांतच वाकलेला होतो. अशा प्लॉटमधून बाहेर पडताना काय करायचं याचा नियम होता. वरचा खाकी कोट शेडमध्ये काढून ठेवायचा, हातपाय साबणानं धुवायचे, कपडे बदलायचे आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्याही गव्हात पाय ठेवायचा नाही. हा नियम पत्र्यावर रंगवून शेडच्या दाराला मीच टांगला होता. कुणी विसरलं की चारचौघांत त्याची खरडपट्टी काढणाराही मीच.

त्या दिवशी कोट धुवायला गेलेला, वाळला नव्हता. नळाला पाणी नव्हतं. बाराची अमरावती बस गाठायची होती. आणि मी दमलो होतो. त्या दिवसापुरता नाही, एकूणच दमलो होतो. सहा महिन्यांनी सुटणार, आता एका सदऱ्यानं काय होतंय, तांबेरा तर वाऱ्यावर कुठून कुठे जातो, असं मनाशी म्हटलं. उजवी बाही कोपरापर्यंत विटकरी झाली होती. मी ती दुमडली आणि स्टँडवर गेलो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातला मी.

अमरावतीला बस बदलली, पुढे मोर्शीची धरली, तिथून ऑटो. पाचच्या सुमारास गावात उतरलो तर बाबा फाट्यावर उभे. आमच्याकडे ही रीत पडली होती. मी आलो की आधी घरी नाही, चहा नाही, आधी गहू. ‘‘तांबेऱ्यावाला आला,’’ असं ते फाट्यावरच्या दोघाचौघांना सांगायचे. त्यात चेष्टा किती आणि अभिमान किती, हे मला कधी कळलं नाही. त्यांना वाट नीट दिसत नव्हती म्हणून त्यांनी माझा हात धरला. उजवाच. बाही चालता चालता उलगडली होती आणि त्यांची बोटं तिच्यावर घट्ट होती.

तेव्हा मी म्हणू शकलो असतो, बाबा, आज नको, कपडे बदलून येतो. दोन मिनिटांचं काम. पण मग कारण सांगावं लागलं असतं आणि वर त्यांचे दोन शब्द ऐकावे लागले असते. मी त्यांच्याबरोबर गव्हात शिरलो. गहू मांडीपर्यंत आला होता, हिरवागार, एक ठिपका नाही. ते दोन्ही हात पसरून पिकातून चालत होते. मी सवयीनं पान तोडलं, अंगठा घासला, अंगठा स्वच्छ. ‘‘एकदम साफ आहे,’’ म्हणालो. ते इतके खूश झाले की रात्री जेवताना त्यांनी ते तीनदा सांगितलं.

वीसेक दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी धुतलेले कपडे, घासलेले बूट, सगळं नियमाप्रमाणे. गव्हाच्या ओंब्या बाहेर पडल्या होत्या. बांधावरूनच मला कळलं. ज्याची नजर आयुष्यभर एकाच रंगाला लागलेली असते त्याला तो रंग शोधावा लागत नाही. विहिरीकडच्या बाजूला, बरोबर ज्या पट्ट्यातून आम्ही दोघं चाललो होतो तिथे, पानांवर विटकरी झाक होती. इतर बाजूलाही तुरळक होतीच. पण मला तो पट्टाच दिसत राहिला.

बाबा पुढे गेले, हातानं चाचपत एक पान तोडलं आणि अंगठा घासला. मग तो अंगठा माझ्यासमोर धरला.

‘‘पाय बरं. मले आता रंग दिसत नाई. लागला काय?’’

अंगठा विटकरी झाला होता. नखाच्या कडेपर्यंत. शेंबडं पोरही सांगेल असा.

मी म्हणालो, ‘‘नाही.’’

का म्हणालो? त्यानंतर कितीदा स्वतःला विचारलं आहे, आणि उत्तर दरवेळी तेच येतं, तेही काही भारी नाही. ‘हो’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की आला कुठून. आणि मला माझी बाही दिसत होती. तीस वर्षं मी लोकांच्या पिकाबद्दल खोटा आकडा लिहिला नाही. वाण कुणाचं आहे हे न बघता ऐंशी तिथे ऐंशीच लिहिले. आणि घरच्या गव्हाला शून्य देऊन मोकळा झालो.

‘‘मंग पान पिवयं कावून वाटते? हाताले खरखरीत लागते.’’

‘‘युरिया कमी पडला असेल.’’

‘‘असन,’’ ते म्हणाले, आणि अंगठा धोतराला पुसला.

मी अगदीच हातावर हात धरून बसलो नाही. ते मलाही सहन होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोर्शीला जाऊन तांबेऱ्याचं औषध आणलं, बाटलीवरचा कागद खरवडून काढला आणि भावाच्या हातात दिलं. म्हटलं, टॉनिक आहे, दाणा भरायला चांगलं, गव्हावर एक फवारा मार. तो म्हणाला मारतो. पण टॉनिकच ते! संत्र्याची तोडणी, मजूर, व्यापाऱ्याची गाडी हे सगळं सोडून टॉनिक मारायची घाई कोण करतो? तांबेरा म्हटलं असतं तर त्यानं त्याच दुपारी पंप पाठीला लावला असता. मी फोन केला तेव्हा म्हणाला, ‘‘मारतो ना यार, उद्या मारतो.’’ बाटली गोठ्याच्या कोनाड्यात तशीच राहिली. तांबेऱ्याला आठ दिवस म्हणजे पुष्कळ झाले. हे माझ्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार.

पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा बाबा ओसरीवर बसलेले, वहिनी अंगणातल्या दगडावर कपडे घासत होती. मी पाणी प्यायलो न प्यायलो, तेवढ्यात तिनं बाबांचं धोतर वर उचललं.

‘‘भाऊजी, हे पाहा बरं तुमी. मामाजीच्या धोतराले रोज हे तांबडं कायचं लागते? घासू घासू हात दुखले माये. मी म्हनलं गेरूत बसतात काय!’’

ती चेष्टेनं म्हणाली. पांढऱ्या धोतरावर गुडघ्यापासून खाली विटकरी पट्टा होता. बाबा रोज सकाळ-संध्याकाळ गव्हातून फिरायचे, त्यांच्याशिवाय तिथे कुणी जात नव्हतं.

‘‘आन इकडं,’’ बाबा म्हणाले.

तिनं ओलं धोतर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं. दिसत नव्हतंच. मग वहिनीला विचारलं, ‘‘कसा रंग हाये? विटीसारका?’’

‘‘हो. विटीच्या चुऱ्यासारका.’’

‘‘कवापासून लागते?’’

‘‘झाले की पंधरा दिवस.’’

त्यांनी धोतर परत दिलं. माझ्याकडे तोंड केलं, जिथून माझा आवाज येईल असं वाटलं तिकडे.

‘‘त्या दिवशी होता काय रे माया अंगठ्याले?’’

‘‘होता.’’

वहिनी घासायची थांबली. मग मी सगळं सांगून टाकलं. कोट, नळ, बस, बाही, कोनाड्यातली बाटली. सांगताना वाटत होतं, ते बाहीवरून चिडतील, शिव्या देतील, आणि एकदाचं सुटेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘सदऱ्याचं मले नको सांगू,’’ ते म्हणाले. ‘‘गेरवा काई तुया सदऱ्याची वाट पायत बसत नाई. माया बापाच्या काळात कोन गेलतं अकोल्याले? तरी येतच होता. तू आनला म्हनून नाई गेला गहू. तू नाई म्हनला, म्हनून गेला.’’

एवढंच. आवाज चढला नाही. भावानं तासाभरात फवारा मारला. माझ्या वहीत त्या दिवशी तो गहू मांडायचा झाला असता तर मी सत्तर लिहिले असते.

मार्चात गहू काढला. पेंढ्या उचलतानाच हलक्या लागत होत्या. मळणीनंतर जे पोत्यात आलं ते जिऱ्यासारखं बारीक, सुरकुतलेलं. सूप हलवलं की भुशाबरोबर दाणाही उडायचा. भाऊ म्हणाला, कोंबड्यांना टाका. वहिनीनं ते पोतं आत ओढलं आणि दुपारचं काम आवरलं की परातीत थोडं थोडं घेऊन निवडायला बसली. चैत्र गेला, वैशाख लागला, ती निवडत होती. जरा अंग धरलेला दाणा दिसला की डब्यात. मी दोनदा सुट्टी काढून तिच्याबरोबर बसलो. माझ्या हातानं निवडलेले दाणे ती पुन्हा एकदा बघायची. माझ्या लक्षात येऊ नये अशा बेतानं बघायची, पण मला दिसायचं.

त्याच उन्हाळ्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन अमरावतीला झालं. आधी एका डोळ्याचं. मी बरोबर होतो. त्यांचा हात धरून रिक्षात बसवलं, गोळ्या दिल्या, वेळेवर थेंब घातले. ते सगळं करू देत होते. बोलत नव्हते असंही नाही. संत्र्याबद्दल, उन्हाबद्दल, माझ्या निवृत्तीबद्दल बोलायचे. गव्हाबद्दल नाही. इतकी वर्षं मी ज्या विषयाला कंटाळलो होतो तोच विषय त्यांनी काढावा म्हणून मी वाट बघत होतो.

घरी आल्यावर काही दिवसांनी ते काळा चष्मा लावून ओसरीवर बसले आणि प्रत्येकाला नव्यानं पाहू लागले. वहिनीला म्हणाले, ‘‘व, तू त बुढी झाली!’’ ती म्हणाली, ‘‘तुमच्या धोतरापाई झाली.’’ दोघं हसले. मीही हसलो. मग तिनं तो डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. तीन महिन्यांची निवड, आणि डबा पाऊणही भरला नव्हता. त्यांनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, उजेडात धरले, बोटानं पसरले. पाच-सहा महिन्यांनी पहिल्यांदा त्यांना बन्सी दिसत होता.

‘‘उगवन काय हे?’’ त्यांनी मला विचारलं.

‘‘सगळा नाही. पण बराच उगवेल.’’

‘‘अन् गेरवा? बियातून येते काय थो?’’

हा प्रश्न मला लोकांनी हजार वेळा विचारलेला. उत्तर झोपेतही देता येईल. तांबेरा बियातून येत नाही. तो जिवंत पानावरच राहतो, पान वाळलं की संपतो. या दाण्यांतून पुढच्या वर्षी तो येणार नाही.

‘‘नाही येत, बाबा. बियातून नाही येत.’’

त्यांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी उजेडात काढू नका म्हणून बजावलं होतं. डोळा अजून लाल होता, पाणी येत होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, अगदी पान पाहावं तसं.

‘‘खरं?’’

बाबांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. फाट्यावर उभं राहून तांबेऱ्यावाला आला म्हणून सांगायचे, तेव्हाही नाही. मी जे म्हणेन ते तीस वर्षं तसंच धरून चालले होते.

‘‘खरं,’’ मी म्हणालो. दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. पुस्तकं होती, वह्या होत्या, पण ते काही त्या ओसरीवर चालणार नव्हतं.

त्यांनी मान हलवली, दाणे डब्यात सोडले, झाकण लावलं आणि डबा वहिनीच्या हातात दिला.

‘‘पेरू यंदा,’’ ते तिला म्हणाले. ‘‘थंडीत पान तू पायजो व. अंगठा घासून पायजो, अन् मले सांगजो.’’